नाव ओळखीचे, पत्ता कुणाचा?

'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. एक तातडीचे काम आहे, जमेल का?' साहेबांच्या नावाने अशी ईमेल आली की अनेक जण आधी 'हो' कळवतात आणि विचार नंतर करतात. भामटे याच घाईवर विसंबून असतात.

टपालाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो. पोस्टमन ते तपासत नाही. ईमेलचेही तसेच. मेल पोहोचवण्याची 'एसएमटीपी' ही पद्धत १९८२मध्ये ठरली, तेव्हा संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते आणि संशोधन संस्थांपुरते होते. पाठवणारा खरा कोण, हे पाहण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती उणीव पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांनी भरून काढली. मात्र त्या पत्त्यातील '@'नंतरचा भाग, म्हणजे डोमेन, तपासतात; माणसाचे नाव नाही. कुणी मोफत खाते उघडून त्याला तुमच्या मुख्याध्यापकांचे नाव दिले, तर ती मेल तिन्ही तपासण्यांतून सुटते.

तोतयेगिरीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात नाव ओळखीचे, पत्ता भलताच. मोबाइलवर बहुधा नुसते नाव दिसते. त्यावर बोट टेकवून पूर्ण पत्ता पाहावा. दुसऱ्यात पत्ता हुबेहूब वाटतो. इंग्रजीतील 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे शेजारी आली की 'एम'चा भास होतो. तिसरा प्रकार सर्वांत अवघड: ओळखीच्या माणसाचे खातेच चोरीला गेलेले असते. पत्ता खरा, खाली जुना पत्रव्यवहारही खरा. इथे पत्ता पाहून काहीच कळत नाही.

मोठ्या कंपन्याही यात सापडल्या आहेत. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कास याने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या 'क्वांटा' कंपनीच्या नावाने गुगल आणि फेसबुकला खोटी बिले पाठवली. दोघांचाही क्वांटाशी खरोखर व्यवहार होता, म्हणून शंका आली नाही. दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत गेली. अमेरिकेतील न्यायालयाने त्याला २०१९मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

म्हणून मेल कुणाकडून आली याइतकेच ती काय मागते, हेही पाहावे. पैसे, गिफ्ट कार्ड, ओटीपी, पासवर्ड, बदललेला बँक खाते क्रमांक आणि जोडीला 'लगेच करा, कुणाला सांगू नका' असे असेल, तर थांबावे. भाषा शुद्ध आहे म्हणून मेल खरी मानू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे भामट्यांचेही व्याकरण सुधारले आहे. त्या मेललाच उत्तर देऊन खात्री करण्यात अर्थ नाही, कारण ते उत्तर भामट्याच्याच हाती पडेल. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करावा.

लिंकवर पासवर्ड दिला गेलाच, तर तो लगेच बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि आपली मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहावे. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. साहेबांना फोन करून विचारण्याचा संकोच वाटतो खरा. पण मेल खरोखर त्यांचीच असेल, तर त्या फोनला लागतो एक मिनिट.