‘सर्व हक्क स्वाधीन’ असलेल्या पुस्तकातून किती घेता येतं?

मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत बारीक टाइपात एक ओळ असते: सर्व हक्क स्वाधीन. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ती वाचून बिचकतो, जुनं पुस्तक टाइप करून नेटवर ठेवू पाहणाराही बिचकतो. हे हक्क कधी संपतात आणि वाचकाला कोणत्या सवलती आहेत, ते त्या ओळीत नसतं. ते १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे, आणि ते पडताळून पाहायची साधनं ग्रंथालयात आहेत.

आधी मुदत पाहू. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणून लेखक कधी गेला हे प्रथम शोधावं. त्यासाठी ग्रंथपालांकडे ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ मागावा. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१०च्या अखेरीस संपला. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायला हवं.

कवयित्री बहिणाबाई चौधरींचा हिशेब निराळा. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ साली निघाला. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तिथे २०१२ची अखेर येते. अशा वेळी पहिल्या आवृत्तीचं साल लागतं, आणि आपल्या हातात बहुधा नंतरची आवृत्ती असते. १९५०पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा मोठा आधार आहे. मात्र मूळ मजकूर मुक्त झाला, तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचे हक्क वेगळे असतात. स्कॅन करताना ती पानं वगळावीत.

हक्क चालू असला तरी वाट बंद होत नाही. अमेरिकेत परवानगीविना केलेला रास्त वापर, म्हणजे ‘फेअर यूज’, चार निकषांवर तोलतात. आपल्या कायद्याच्या कलम ५२मध्ये कामांची यादीच आहे: स्वतःचा अभ्यास, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, वर्गातलं अध्यापन. किती ओळी चालतील याचा आकडा त्यात नाही. ‘दहा टक्के चालतात’ ही ऐकीव गोष्ट आहे. पुलंच्या लेखातला परिच्छेद घेऊन त्याच्या शैलीची चिकित्सा केली, तर ती समीक्षा. अख्खा लेख डकवून खाली ‘साभार’ लिहिलं, तर ते उल्लंघनच. ‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे.

अध्यापनाच्या सवलतीची कसोटी दिल्लीत लागली. विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली त्यावर दावा लावला. शिकवण्यासाठी गरजेपुरता मजकूर घेता येतो, हे तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६मध्ये मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडी पुस्तकं न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

ग्रंथालयांनाही सवलत आहे, पण तिचा वापर फारच कमी होतो. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. तुमच्या गावच्या वाचनालयात अशा पुस्तकाची एकच जीर्ण प्रत उरली असेल, तर ग्रंथपालांना ही तरतूद जरूर दाखवा.