पगारदार गृहस्थ आणि प्राप्तिकर

महिनाअखेर पगार हातीं येतो तो कर कापूनच येतो. तेव्हां प्राप्तिकराची काळजी कचेरीनें वाहावी, अशी पगारदार गृहस्थाची समजूत असते. ती अगदींच निराधार नाहीं. हिंदुस्थानांत जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं हा कर बसविला, आणि पगारांतून कर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी १९२२ च्या कायद्याच्या १८ व्या कलमानें मालकावर टाकली होती. १९६१ च्या कायद्यांतही १९२ व्या कलमानें तीच व्यवस्था चालूं ठेवली. परंतु २०२३ सालापासून या समजुतीवर विसंबून राहणें महाग पडूं लागलें आहे.

त्या वर्षीं नवी करपद्धति हीच मूळ पद्धति ठरविण्यांत आली. नव्या पद्धतींत दर हलके. मात्र विम्याचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधींतील स्वतःची वर्गणी, घरभाडें, राहत्या घराच्या कर्जाचें व्याज यांबद्दल सूट नाहीं. जुन्या पद्धतींत दर जड, पण या सवलती शाबूत आहेत. पूर्वीं जो बोलत नसे तो जुन्या पद्धतींत राही. आतां जो बोलत नाहीं तो नव्या पद्धतींत जातो. वर्षारंभीं नोकरानें आपली निवड कळविली नाहीं, तर मालकानें नव्या दरानेंच कर कापावयाचा असतो.

याचा परिणाम किती होतो हें एका हिशेबावरून दिसेल. २०२५-२६ सालीं ज्याचा पगार १६ लाख रुपये होता, असा एक मुंबईकर भाडेकरू घेऊं. गांवाकडे त्यानें कर्ज काढून घर बांधलें आहे. नव्या पद्धतीनें ७५,००० रुपयांची ठराविक वजावट जाऊन, उपकर धरून, त्याचा कर १,१३,१०० रुपये होतो. जुन्या पद्धतींत ५०,००० ची ठराविक वजावट, घरभाडेभत्त्याची ३ लाखांची सूट, कर्जाचें व्याज २ लाख, बचतीचे दीड लाख व आरोग्यविम्याचे २५,००० वजा जातां कर ९१,००० भरतो. फरक २२,१०० रुपयांचा. (भाडें द्यावें लागत नसतें, तर याच गृहस्थाला नवी पद्धतिच लाभली असती, जुनी म्हणजे नेहमींच फायद्याची, असें मुळींच नाहीं.)

आतां हे गृहस्थ कचेरीस कळविण्यास विसरले, व तिनें १,१३,१०० कापले. येथवर कांहींच बिघडलें नाहीं. व्यापारधंद्याचें उत्पन्न नसणाऱ्यास विवरणपत्र भरतांना निवड पुन्हां करतां येते, व जास्त गेलेली रक्कम परत मिळते. मात्र तें विवरणपत्र मुदतींत, म्हणजे पगारदारांच्या बाबतींत एरवीं ३१ जुलैपर्यंत, गेलें पाहिजे. मुदत टळली कीं जुन्या पद्धतीचें दार त्या वर्षापुरतें बंद होतें. उशिराचें विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत घेतलें जातें खरें, परंतु २२,१०० तर गेलेच, वर ५,००० रुपये विलंबशुल्क.

मालकाचें कामही सोपें राहिलेलें नाहीं. कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आंत, आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, त्यास भरावा लागतो. कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज. अशा चुकार मालकापायीं नोकराकडून तोच कर पुन्हां मागूं नये, असें १९६१ च्या कायद्याचें २०५ वें कलम सांगतें. ही तरतूद फार थोड्यांस ठाऊक असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून, बँकेनें ठेवीच्या व्याजावर कापलेला कर नोकरानें कळविल्यास मालकानें तो हिशेबांत धरून पगारांतील कपात तितकी कमी करावयाची असते. बँकेनेंही कापला आणि कचेरीनेंही कापला, ही जुनी तक्रार त्यामुळें बरीच दूर झाली.

अशांत १९६१ च्या कायद्याच्या जागीं २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलांत आला. पगारावरील कपात आतां त्याच्या ३९२ व्या कलमाखालीं होते. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडीनें पिढ्यान्‌पिढ्या लोकांस गोंधळांत टाकलें होतें. ती जाऊन एकच ‘कर-वर्ष’ आलें. तथापि २०२५-२६ च्या पगाराचें विवरणपत्र जुन्याच कायद्याखालीं येतें, व त्यावर ‘आकारणी वर्ष २०२६-२७’ असेंच लिहावें लागतें. एप्रिल २०२६ च्या पगारापासून मात्र ‘कर-वर्ष २०२६-२७’ सुरू होतें. आंकडे तेच, वर्षें निराळीं. कचेरींतून येणारा कागद हातीं घेतांना त्यावर यांपैकीं कोणता शब्द आहे, तें आधीं पाहावें.