नव्या देशात स्थिरावताना : कॅनडात गेलेल्या आपल्या कुटुंबांसाठी

परदेशी जाण्याची तयारी आपल्याकडे मोठ्या बारकाईने केली जाते. पासपोर्ट, व्हिसा, गुणपत्रिका, बँकेची कागदपत्रे यांच्या फाइली तयार होतात, मिस्सा अर्पण केली जाते, नातलग विमानतळापर्यंत निरोप द्यायला येतात. परंतु तेथे पोहोचल्यावर रोजचे जीवन कसे उभारावे, याविषयी फारसे बोलले जात नाही. वसईसारख्या भागातून पूर्वी नोकरीसाठी आखाती देशांत जाणारा माणूस बहुधा काही वर्षांनी परतत असे. कॅनडाला जाणारे कुटुंब मात्र प्रायः कायमचे राहण्याच्या इराद्याने जाते. म्हणून हा विषय आम्ही येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत. उदाहरणादाखल आम्ही टोरांटो व मिसिसागा ही शहरे ज्यात येतात, तो ऑन्टॅरिओ प्रांत घेतला आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

स्थलांतरितांची काळजी हा ख्रिस्तसभेच्या दृष्टीने दुय्यम विषय नाही. स्थलांतरितांसाठीचा जागतिक दिन १९१४ पासून पाळला जात आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली ‘एक्सुल फामिलिया’ हे प्रेषितीय पत्रक काढले व मिसर देशात आश्रय घेणारे नाझरेथचे पवित्र कुटुंब हा सर्व स्थलांतरितांचा आदर्श म्हणून पुढे ठेवला. २०१८ च्या स्थलांतरित दिनानिमित्त पोप फ्रान्सिस यांनी स्वागत, संरक्षण, संवर्धन व एकात्मता ही चतुःसूत्री दिली. यांतील एकात्मता म्हणजे आपली ओळख पुसून टाकणे नव्हे, तर आपले जे आहे ते सोबत घेऊन नव्या समाजाचा जबाबदार घटक होणे. बाबेलमध्ये नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून हाच उपदेश केला होता : घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

पहिले काही महिने

आरंभीचे काम कागदपत्रांचे असते. सोशल इन्शुरन्स नंबर, बँकेचे खाते, प्रांताचे आरोग्य कार्ड व वाहन परवाना यांसाठी धावपळ करावी लागते. भाड्याने घर घेताना पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर शेवटच्या महिन्याचे भाडेही आगाऊ मागितले जाते. आपला तेथील कर्जफेडीचा पूर्वेतिहास कोरा असल्यामुळे घरमालक कचरतात. परिचारिका, शिक्षक, अभियंता यांना आपला व्यवसाय करण्यासाठी प्रांतातील नियामक संस्थेचा परवाना लागतो व तो मिळेपर्यंत गोदामात, दुकानात किंवा कारखान्यात मिळेल ते काम करावे लागते. येथे अधिकारपदावर असलेल्या माणसाला हे जड जाते. परंतु प्रामाणिक श्रमात कमीपणा नाही. संत योसेफ सुतार होता, हे आपण विसरू नये.

त्यातच थंडी येते. डिसेंबरात टोरांटोत दुपारी पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पती व पत्नी वेगवेगळ्या पाळ्यांत काम करतात, मुले घरात कोंडली जातात आणि शेजारी महिनोन्‌महिने नजरेस पडत नाही. ज्याच्या दारावरून दिवसभर माणसांची ये-जा असे, त्याला हा एकांत असह्य होतो. अशा वेळी ‘आधी नीट स्थिरावू, मग चर्चचे पाहू’ असा विचार मनात येतो. आमच्या मते येथेच क्रम चुकतो. चर्चला जाणे हे स्थिरावल्यानंतरचे काम नव्हे. स्थिरावण्याची सुरुवातच तेथून होऊ शकते.

धर्मग्रामात नावनोंदणी

आपल्या गावी धर्मगुरू आपल्याला ओळखतात. कोणी आजारी पडले तरी शेजाऱ्यांकडून त्यांना समजते. तेथे तसे होत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार जेथे आपण किमान तीन महिने राहण्याच्या इराद्याने जातो, तेथील धर्मग्रामाचे आपण घटक होतो (कलम १०२ व १०७). परंतु आपण आलो आहोत हे तेथील प्रमुख धर्मगुरूंना कोण सांगणार? त्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन कुटुंबाची नोंदणी करावी लागते. हे काम पहिल्या काही आठवड्यांतच करावे. नोंदणी झाल्यावर पुष्कळ ठिकाणी दानासाठी क्रमांक घातलेले लिफाफे दिले जातात व वर्षअखेरीस करसवलतीसाठी पावती मिळते. लिफाफ्यात किती घालावे याची कोणी सक्ती करीत नाही, तेव्हा हात आखडता आहे म्हणून नोंदणी टाळू नये.

रविवारी काम असेल तर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेत सहभागी होऊन रविवारचे कर्तव्य पूर्ण करता येते. टोरांटो महाधर्मप्रांतात अनेक भाषांतून मिस्सा होते. आपल्या मराठीची मिस्सा जवळ मिळेलच असे नाही, म्हणून इंग्रजी मिस्सेला नियमित जाण्याची सवय ठेवावी. तेथे नुसते मागच्या बाकावर बसून परतू नये. गायनवृंद, वाचक, वेदीसेवक अशा एखाद्या सेवेत नाव द्यावे. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्य आपल्या परिचयाचे आहे. कॅनडातही ते चालते. अडचणीच्या काळात तिच्याकडे मदत मागण्यात लाज बाळगू नये आणि पुढे हात सुटा झाल्यावर त्याच कार्याला हातभार लावावा.

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या तरुणांना हे विशेष सांगावेसे वाटते. नवागतांसाठी सरकारी खर्चाने चालणारी मार्गदर्शन केंद्रे मुख्यतः कायमस्वरूपी रहिवाशांसाठी असतात. त्यांचा लाभ विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. शिवाय २०२४ पासून तेथील सरकारने विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातल्यामुळे पुढची अनिश्चितता वाढली आहे. एका तळघरात चार-पाच जण राहणाऱ्या या मुलांना आपले म्हणणारे एक तरी ठिकाण हवे. धर्मग्राम ते होऊ शकतो, पण त्याचे दार आपणच ठोठावले पाहिजे.

मुलांचे शिक्षण व संस्कार

ऑन्टॅरिओत कॅथलिक शाळा करदात्यांच्या पैशांतून चालतात व त्यांत शुल्क नसते. या हक्काचे मूळ १८६७ च्या राज्यघटनेत आहे. प्राथमिक वर्गात प्रवेश घेताना मुलाचा किंवा पालकांपैकी एकाचा कॅथलिक बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. हा दाखला घरी राहिल्यामुळे ऐनवेळी धावपळ होते. म्हणून बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण व विवाह यांचे दाखले प्रवासाच्या सामानातच ठेवावेत.

तेथे प्रथम ख्रिस्तशरीराची तयारी बहुधा दुसऱ्या इयत्तेत आणि दृढीकरणाची सातवी-आठवीत होते. मधल्या वयात आलेले मूल दोन्हीकडून मागे पडण्याचा संभव असतो. पालकांनी धर्मग्रामाशी बोलून त्याच्या तयारीची वेगळी सोय करून घ्यावी. विवाहासाठी मात्र जुना दाखला चालत नाही. सामान्यतः गेल्या सहा महिन्यांत दिलेला नवा दाखला मागतात. त्यासाठी पुन्हा आपल्या मूळ धर्मग्रामाकडेच यावे लागते. दृढीकरण व विवाह यांची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत करावी, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्यामुळे विवाह टोरांटोत झाला, तरी त्याची नोंद ज्या देवळात आपला बाप्तिस्मा झाला तेथील वहीत येते. आपण कोठेही गेलो तरी मूळ ख्रिस्ती परिवाराशी नाते तुटत नाही, याची ही लेखी साक्ष आहे.

घरची भाषा, घरची प्रार्थना

शाळेत मुले इंग्रजी शिकतीलच. घरात मात्र सामवेदी, वाडवळी, कोळी, जी आपली बोली असेल ती व मराठी चालू ठेवावी. रात्रीची पवित्र जपमाळ आपल्या भाषेत म्हणावी. पाळ्यांमुळे रोज सारे एकत्र बसणे शक्य नसेल, तर आठवड्यातून दोन-तीन दिवस ठरवावेत. आजीशी तिच्या भाषेत बोलता न येणारे मूल केवळ एक भाषा गमावीत नाही. आजीने जपलेली श्रद्धाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे राहिलेल्यांचे कर्तव्य

शेवटी आई-वडील व आप्तांना दोन शब्द. हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांच्या रविवारच्या सकाळी आपली सायंकाळ असते व फोनसाठी ती वेळ सोयीची ठरते. परंतु फोनवर ‘घर घेतले का?’, ‘गाडी कोणती?’, ‘पगार किती?’ हेच प्रश्न विचारले, तर मुले अडचणी लपवू लागतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसे पाठवता आले नाहीत, तर त्यास कृतघ्नता समजू नये. ‘जेवलास का?’, ‘झोप होते का?’, ‘चर्चला गेलास का?’ असे प्रश्न आपुलकीने विचारावेत. उत्तर नकारार्थी आले तरी रागावू नये, पुन्हा विचारावे. आणि ज्यांच्या घरचे कोणी दूर गेले आहे अशा वृद्धांना भेट देण्याचे काम लघुख्रिस्ती समूहांनी आपले मानावे.

प्रभू येशू बालपणी परक्या देशात वाढला. त्याच्या पालकांना तेथे काम शोधावे लागले असेल, भाषेची अडचण आली असेल. परमेश्वराने त्यांना एकटे सोडले नाही. आपल्या दूरदेशीच्या कुटुंबांनाही तो सोडणार नाही, असा विश्वास बाळगून येत्या रविवारी आपण त्यांची नावे घेऊन प्रार्थना करू या.