पितळ, वॉशर आणि पाण्याचा दाब

परसबागेला पाणी देण्याच्या नळीला टोकाशी बसवायचे नोझल आणि हिरवळीवर ठेवायचा स्प्रिंकलर या वस्तू साध्या असल्या, तरी एका उन्हाळ्यात निकामी होऊन अडगळीत जाणाऱ्या घरगुती वस्तूंत त्यांचा क्रमांक बराच वर लागतो. गिऱ्हाईक दुकानात रंग, चकाकी, पकड आणि धारेचे प्रकार पाहते. वस्तूचे आयुष्य मात्र आतला धातू, सांध्यातील रबर, आट्यांची जात आणि घरच्या पाण्याचा दाब या चार गोष्टींवर ठरते, आणि यांपैकी एकही गोष्ट वेष्टनावरील चित्रात दिसत नाही.

धातूपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण फसगत तेथेच अधिक होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो पाण्यात गंजत नाही, त्याच्यावर आटे स्वच्छ पाडता येतात आणि वर्षानुवर्षे उघडझाप करूनही ते लवकर झिजत नाहीत. मात्र ‘मेटल’ म्हणून विकली जाणारी बरीच नोझले पितळेची नसून साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांच्यावर क्रोमचा किंवा पिवळसर मुलामा चढवलेला असतो. लोहचुंबकाने हा भेद कळत नाही, कारण चुंबक दोहोंपैकी कशालाच चिकटत नाही. वजन मात्र बोलते : एक घनसेंटिमीटर पितळ साधारण ८.५ ग्रॅम भरते, जस्ताचा मिश्रधातू साधारण ६.६ ग्रॅम, तर ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम. म्हणून सारख्या आकाराची दोन नोझले हातात तोलून पाहावीत, आणि आट्यांच्या आतल्या कडेला, जेथे मुलामा पातळ असतो, तेथे नखाएवढा भाग खरवडून खाली पिवळा धातू निघतो की करडा, हे पाहावे. करडा निघाल्यास मुलाम्याला चीर पडताच पाणी आत शिरणार आणि पांढरट भुकटी धरून आटे ठिसूळ होणार, हे गृहीत धरावे. पितळही अगदी अजिंक्य नाही. क्षारयुक्त पाण्यात काही जातींच्या पितळेतील जस्त हळूहळू विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र, तांबूस सांगाडा उरतो. तरीही घरगुती वापराच्या धातूंत त्याच्या तोडीचे दुसरे काही सहज मिळत नाही. कापकामाला सोपे जावे म्हणून सर्वसाधारण पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते, त्यामुळे अशा नोझलचे पाणी झाडांना योग्य असले तरी मुलांनी ते पिऊ नये.

प्लॅस्टिकला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी साधे प्लॅस्टिक ठिसूळ होते, पण नायलॉन किंवा ॲसिटाल यांसारख्या अभियांत्रिकी प्लॅस्टिकचे सुटे भाग पाण्यात उत्तम टिकतात, आणि ज्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते ते काळे प्लॅस्टिक उन्हाला अधिक दाद देत नाही. शेतातील ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याच कारणाने.

रचनेच्या बाबतीत निवाडा स्पष्ट देता येतो. पिस्तुलासारख्या, घोडा दाबून चालणाऱ्या, सात-आठ प्रकारच्या धारा देणाऱ्या नोझलमध्ये स्प्रिंग, दांडा, फिरती चकती आणि अनेक रबरी कडी असतात. स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची नसेल तर ती प्रथम गंजते आणि घोडा अडकतो. त्याउलट पुढचे टोक पिळले की बारीक तुषारांपासून सरळ धारेपर्यंत बदलणारे आणि पूर्ण पिळल्यावर बंद होणारे जुन्या घडणीचे पितळी नोझल दोन-तीन भागांचेच असते. त्यात बिघडण्यासारखी वस्तू म्हणजे आतले गोल रबरी कडे, आणि ते कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळते. जी वस्तू उघडता येते आणि जिचा झिजणारा भाग बदलता येतो तीच खरी टिकाऊ, हे साधे तत्त्व ग्राहकांनी अधिक आग्रहाने धरायला हवे. रबर बदलताना ईपीडीएम जातीचे घेतल्यास ऊन आणि हवा यांना ते अधिक काळ तोंड देते.

आट्यांचा प्रश्न परदेशातून मागवलेल्या वस्तूंच्या बाबतीत उद्भवतो. भारतात नळाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे असतात. अर्धा इंची आणि पाऊण इंची या दोन्ही मापांत एका इंचात १४ आटे येतात. अमेरिकेतील बागेच्या नळीला पाऊण इंची म्हणूनच ओळखले जाणारे, पण इंचाला साडेअकरा आट्यांचे वेगळे माप आहे. असे नोझल येथील नळाच्या जोडावर एक-दोन फेरे बसल्यासारखे वाटते आणि मग अडते. जोर लावला तर आटे मोडतात, टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी गळती थांबत नाही. जर्मनीतील उल्म येथील गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये दाबताच बसणाऱ्या जोडाची पद्धत आणली, तेव्हापासून आट्यांची ही कटकट पुष्कळ कमी झाली, मात्र त्या जोडातील रबरी कडे आणि पकडणारे दात हे तेथील नाजूक भाग होत. आणखी एक धोका कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत ठळकपणे दिसतो : पितळी तोटीवर ॲल्युमिनियमचा जोड महिनोन् महिने बसून राहिला, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया घडून ॲल्युमिनियम झिजते, आटे एकमेकांत घट्ट धरतात आणि शेवटी जोड करवतीने कापावा लागतो.

स्प्रिंकलरकडे वळताना कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा या गावाचे नाव घ्यावे लागते. तेथील ऑर्टन एंगलहार्ट या संत्रावर्गीय फळांच्या बागायतदाराने १९३३ मध्ये आघाताने फिरणारा स्प्रिंकलर तयार केला आणि १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळाले. रेन बर्ड ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. तिरप्या तोंडातून निघालेली धार स्प्रिंग लावलेल्या हातावर आदळते, हात बाजूला झटकला जातो, स्प्रिंग त्याला परत खेचते, आणि परतताना तो मूळ अंगावर ठोका देऊन त्याला अंशभर पुढे सरकवतो. महाराष्ट्रात रब्बीच्या गव्हावर, भुईमुगावर आणि कांद्यावर तुषार सिंचनाचे जे टक-टक करणारे संच चालतात, त्यांचे तत्त्व हेच. या यंत्रात झिजते ते तळाचे, फिरण्याच्या जागचे वॉशर. म्हणून ते सुटे मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. फिरत्या स्प्रिंकलरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १२२३२ हे मानक आहे, आणि शेतीसाठी बनवलेला मानकचिन्हाचा पितळी स्प्रिंकलर घरच्या हिरवळीवरही शोभेच्या वस्तूपेक्षा कितीतरी अधिक टिकतो.

मात्र तो फिरेल का, हे पाण्याचा दाब ठरवतो. दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी बागेतील तोटीपेक्षा ४ मीटर उंच असेल, तर हाती येतो जेमतेम ०.४ किलो. आघाताने फिरणाऱ्या स्प्रिंकलरला साधारणपणे २ ते ३ किलो दाब लागतो. उत्तम वस्तू आणूनही ‘पाण्याला जोर नाही’ म्हणून ती निरुपयोगी ठरते, आणि दोष मात्र वस्तूला दिला जातो. अशा घरी दाब वाढवणारा पंप बसवावा, नाहीतर स्प्रिंकलरचा विचार सोडून झारीच्या तोंडासारखे रुंद, बारीक छिद्रांचे नोझल वापरावे. पंप असेल तेथे उलटी काळजी लागते : नोझल बंद ठेवून दाबाखालची पीव्हीसी नळी विदर्भातील उन्हात पडू दिली, तर उष्णतेने मऊ झालेली नळी जोडाजवळ फुगते आणि फुटते. म्हणून काम संपल्यावर आधी तोटी बंद करून मग नोझल उघडे सोडावे.

बोअरच्या पाण्याचे दोन उपद्रव आहेत. त्यातील क्षार छिद्रांत पांढरा थर धरतात. तो व्हिनेगरमध्ये भाग काही तास बुडवून ठेवल्यास सुटतो, टाचणीने कोरल्यास छिद्राचा आकार बिघडतो. दुसरा उपद्रव वाळूचा, आणि तो जोडावर बसवलेल्या जाळीने पुष्कळसा आवरता येतो. वाळूने नोझलचे तोंड किती झिजले आहे हे कळण्यासाठी सिंचनतज्ज्ञ योग्य मापाच्या ड्रिलबिटची गुळगुळीत मागची बाजू छिद्रात घालून पाहतात. ती सैल फिरू लागली तर नोझल बदलण्याची वेळ झाली असे समजावे, कारण छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तरी त्याच दाबाला २१ टक्के अधिक पाणी वाहून जाते.