रायफल रोज पुसा, नळी मात्र जपून!

स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं आणि तुम्हीही शूटिंग रेंज गाठलीत? मस्त! पण रायफल साफ कधी करायची, हे ठरवलंय का? दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे हेळसांड महागात पडते.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा. सराव संपला की घामाचा हात लागलेला धातू कोरड्या कापडाने पुसा. हे रोजचं काम. पावसाळ्यात तर चुकवूच नका, गंज लगेच चढतो.

नळीचं गणित वेगळं. एअर रायफलमध्ये बारूद जळत नाही, शिशाचा थर हळूहळू बसतो. त्यामुळे नळी रोज घासू नका. पेलेट विखरून लागायला लागले, की कोचला विचारून फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. स्वप्निलच्या प्रकारातल्या पॉइंट टू-टू रायफलमध्ये मात्र बारूद जळते, म्हणून ती जास्त वेळा साफ करावी लागते. सळई मागून घाला. नळीचं तोंड खरवडलं, तर नेम बिघडलाच म्हणून समजा.

थोडक्यात, कॅलेंडर बघू नका. मारलेले शॉट वहीत लिहा आणि टार्गेट काय सांगतंय ते बघा.