गाडी : एक शब्द, अनेक अर्थ

“गाडी आली!” हे दोनच शब्द घ्या. स्थानकाच्या फलाटावर ते ऐकू आले, तर प्रवासी आपले सामान सावरतात. शेताच्या बांधावर ऐकू आले, तर कडबा भरावयास माणसे उठतात. शहरातील घराच्या दारात ऐकू आले, तर कोणी मोटारीत बसावयास निघतो. शब्द तोच, परंतु त्याचा अर्थ प्रसंगावरून ठरतो.

चाकांवर चालणारे व माणसे किंवा ओझे वाहून नेणारे वाहन म्हणजे गाडी. ती आकाराने मोठी असली की आपण तिला ‘गाडा’ म्हणतो. ओढणारा बैल असेल तर बैलगाडी, घोडा असेल तर घोडागाडी, माणूस असेल तर हातगाडी. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत, सुमारे ३४ किलोमीटर अंतर, प्रवाशांना घेऊन एक नवीच गाडी धावली. तिला १४ डबे होते. पण पुढे ना बैल, ना घोडा! अग्नीच्या बळावर पळणारी म्हणून लोक तिला ‘आगगाडी’ म्हणू लागले. १९२५ साली मुंबईत विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. आज इंजिनातील ती आग विझली आहे, नाव मात्र टिकून आहे.

गाडी जशी रस्त्यावरून चालते, तशी ती आपल्या बोलण्यातूनही चालते. काम थांबले की ‘गाडे अडले’ आणि बिघडलेले काम सुधारले की ‘गाडी रुळावर आली’ असे आपण म्हणतो. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. हा नळा कोणता? चाकांना घालावयाच्या वंगणाचा नळा पूर्वी गाडीखाली टांगलेला असे. गाडा यात्रेला निघाला, की त्या नळ्यालाही अनायासे यात्रा घडे! थोरांच्या सोबतीने लहानाचाही लाभ होतो, असा या म्हणीचा अर्थ आहे. नळा ठाऊक नसेल, तर म्हणीतील गंमत कशी कळणार?

आता आणखी एक शब्द पाहा. समाजाच्या पुढाऱ्यास आपण ‘धुरीण’ म्हणतो. संस्कृतात ‘धुर्’ म्हणजे ओढणाऱ्याच्या खांद्यावर येणारे जू. ते वाहण्यास जो समर्थ, तो धुरीण. म्हणजे हा मानाचा शब्द गाडीत ऐटीने बसणाऱ्याचा नव्हे; खांद्यावर भार घेऊन ती ओढणाऱ्याचा आहे.

मुलांनो, बैलगाड्या आता कमी होत चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर तुंबा, आरे, धाव ही चाकाच्या भागांची नावेही विसरली जात आहेत. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याजवळ बसा, ही नावे विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. वस्तू गेली तरी शब्द जपता येतो आणि त्या शब्दात आपल्या पूर्वजांचे कष्ट जिवंत राहतात.