रस्त्याकडेच्या झाडाची नोंद कशी होते?

कल्याण-बदलापूर रस्ता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतून जातो. उल्हासनगरला महानगरपालिका, पुढच्या दोन शहरांना नगरपरिषदा. त्यामुळे एकाच रस्त्याकडेची झाडे तीन कार्यालयांच्या हद्दीत विभागली जातात. त्यांची निगा राखायची तर ती किती, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे आधी कळायला हवे. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याने महाराष्ट्रातील शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी वृक्ष प्राधिकरणावर टाकली आहे. मुंबईच्या मागील गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. अशी गणना तंत्रज्ञानाच्या मदतीने कशी होते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा नकाशाचा. उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या छायाचित्रांवर प्रभागांच्या हद्दी आणि रस्ते आखतात. वरून पर्णसंभार दिसतो, बुंधा दिसत नाही. एकमेकांत मिसळलेली तीन झाडे छायाचित्रात एकच वाटू शकतात. म्हणून हा नकाशा फक्त कुठे जायचे ते सांगतो. मोजणी जमिनीवरच करावी लागते.

दुसरा टप्पा जागा निश्चित करण्याचा. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचे जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत चुकते. उल्हासनगरच्या दाट वस्तीत इमारतींवरून संकेत परावर्तित होतात आणि चूक आणखी वाढते. तेवढ्याने रस्त्यावरचे झाड नकाशावर एखाद्या सोसायटीच्या आवारात जाते आणि त्याची निगा कोणाची, हा वाद उभा राहतो. न्यूयॉर्कने २०१५ च्या गणनेत यावर साधा मार्ग वापरला: चौकापासून मोजणीच्या चाकाने पदपथाच्या कडेने अंतर मोजायचे आणि त्यावरून झाड नकाशावर बसवायचे. स्वयंसेवकांच्या मदतीने तिथे साडेसहा लाखांहून अधिक झाडे नोंदली गेली. आपल्या अरुंद गल्ल्यांनाही ही पद्धत चालेल.

तिसरा टप्पा मोजमापाचा. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेपने बुंध्याचा घेर घेतात. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५० सेंटिमीटर. उंचीसाठी कोनमापक लागतो. सपाट जागेवर झाडापासून १० मीटर दूर उभे राहून शेंडा ४५ अंशांत दिसला, तर त्या १० मीटरमध्ये आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची.

चौथा टप्पा जात आणि प्रकृती ओळखण्याचा. मोबाइलवरचे अ‍ॅप पानाच्या फोटोवरून नाव सुचवते, पण ते जाणकाराने तपासावे लागते. जातीवर पुढचे बरेच काही ठरते. गुलमोहराची फांदी वादळात सहज मोडते, पर्जन्यवृक्षाचा विस्तार तारांपर्यंत पोहोचतो. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा शहरात जांभळाची झाडे नेमकी कुठे उरली आहेत हेही नोंदीतून कळावे. याशिवाय बुंध्यातली पोकळी, बुरशी, ठोकलेले खिळे, एका बाजूला गेलेला तोल आणि बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक यांचे फोटो घेतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितले होते. कोणत्या झाडाला तेवढी जागा नाही, हे अशा नोंदीतूनच समजते.

शेवटी प्रत्येक झाडाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि खरे काम इथून सुरू होते. जमिनीचा व्यवहार फेरफाराने सातबाऱ्यावर चढतो, तशी झाडाची प्रत्येक छाटणी, कीड, पडझड आणि तोडीची परवानगी त्याच क्रमांकावर चढली पाहिजे. तसे झाले तर पावसाळ्यापूर्वी उद्यान विभागाला धोकादायक झाडांची यादी लगेच काढता येते. महावितरणने तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या, तर पुढच्या छाटणीत तोल सावरता येतो. १९७५ च्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. वय अंदाजाने ठरवताना जात आणि घेर यांचाच आधार असतो. घेराची नोंद आधीची असेल, तर रस्ता रुंद करताना वय कमी दाखवता येत नाही.

नोंद अद्ययावत ठेवली नाही, तर पाच वर्षांनी हाती फक्त जुना आकडा उरतो. म्हणून तिन्ही शहरांनी क्रमांकाची एकच पद्धत वापरावी आणि नकाशा नागरिकांसाठी खुला ठेवावा. झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या गल्लीतल्या झाडावर अशी नोटीस दिसली, तर त्याचा क्रमांक, घेर आणि फोटो घ्या आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवा.